काटापट्टीवरचा आकडा जेसनमधून जसाच्या तसा : प्रकल्प नोंदी

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या कापूस खरेदी केंद्रावर वजन, ओलावा, भाव आणि रक्कम यांची नोंद संगणकावर घेण्याच्या कामाच्या या नोंदी आहेत. रचना साधी आहे. धर्मकाट्याच्या इंडिकेटरला सिरियल केबलने जोडलेला एक जुना संगणक असून त्यावर पायथनचा छोटा प्रोग्रॅम चालतो. ओलावा मोजणाऱ्याच्या हाती टॅब्लेट असतो आणि त्यात ब्राउझरमध्ये चालणारा जावास्क्रिप्टचा फॉर्म आहे. सर्व्हरवर फ्लास्क (विनंत्या हाताळणारी पायथनची चौकट) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) आहेत. या तिघांमधली सगळी देवाणघेवाण जेसनमधून (माहिती ठरलेल्या साच्यात मजकूर म्हणून लिहिण्याच्या पद्धतीतून) होते. नेटवर्क दुपारी हमखास जात असल्यामुळे टॅब्लेट आणि काट्यावरचा संगणक आपापल्या नोंदी रांगेत साठवतात व रेंज आली की पुढे पाठवतात. प्रोग्रॅमचा पहिला आराखडा आधीपासून होता. तो हंगामाच्या भाराला टिकेल असा करणे हे माझे काम.

वाचकांच्या सोयीसाठी सगळे आकडे येथे देवनागरीत लिहिले आहेत. फाइलींमध्ये ते इंग्रजी अंकांत असतात. जिथे हा फरकच अडचणीचे मूळ ठरला, तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

७ ऑक्टोबर २०२४

काट्यावरून येणारे वजन सर्व्हर अधूनमधून नाकारतो, अशी पहिली तक्रार होती. इंडिकेटर सिरियल पोर्टवर जी ओळ पाठवतो तिच्यात वजन ‘+००१३४०’ असे येते, म्हणजे आधी अधिक चिन्ह, मग शून्ये भरून सहा अंक. जुना प्रोग्रॅम यातले अधिक चिन्ह काढून उरलेला मजकूर तसाच जेसनच्या साच्यात चिकटवत होता. जेसनच्या व्याकरणात संख्येपुढे अधिक चिन्ह चालत नाही आणि शून्याने सुरू होणारी बहुअंकी संख्याही चालत नाही. पायथनचे जेसन मॉड्यूल पहिले शून्य ही पूर्ण संख्या समजते आणि त्यानंतर स्वल्पविराम हवा होता अशी तक्रार करते, त्यामुळे त्रुटीचा संदेश वाचणारा माणूस स्वल्पविराम शोधत बसतो. रिकाम्या काट्याची नोंद आणि सहाही अंक भरणारे वजन या दोन टोकांवर कधी काय घडते हे पाहण्यातच वेळ गेला, कारण अडचण ‘अधूनमधून’ येते असेच सगळे सांगत होते. प्रत्यक्षात ती प्रत्येक गाडीला येत होती; काटेवाला नोंद अडकली की वजन हाताने भरून मोकळा होत होता.

दुरुस्ती एका ओळीची झाली. इंडिकेटरचा मजकूर आधी डेसिमलमध्ये (पायथनच्या नेमक्या दशांश संख्यांच्या प्रकारात) वाचायचा आणि मगच जेसन तयार करायचे. पायथनचे डेसिमल अधिक चिन्ह व पुढची शून्ये निमूटपणे स्वीकारते. जेसन कधीही मजकूर जोडून तयार करू नये, हे सगळ्या पुस्तकांत असते. काट्यावरच्या संगणकांत मात्र ते हटकून तसेच केलेले सापडते.

खर्च : सिरियलवरून यूएसबीची नवी केबल, साधारण पाचशे रुपये. जुनीचा कनेक्टर सैल होता, हे याच तपासात कळले.

१५ ऑक्टोबर

वजन डेसिमलमध्ये आणल्याबरोबर पुढची अडचण उभी राहिली. पायथनच्या जेसन मॉड्यूलला डेसिमल हा प्रकार माहीत नाही. ‘हा प्रकार जेसनमध्ये लिहिता येत नाही’ असे सांगून ते थांबते. आधीच्या आराखड्यात यावरचा नेहमीचा उपाय केलेला होता. ओळखता न येणारे मूल्य ज्या ‘डिफॉल्ट’ फंक्शनकडे जाते, त्यात ते मूल्य फ्लोट (संगणकाची नेहमीची, अंदाजे साठणारी दशांश संख्या) करून परत दिले होते. शोधल्यावर हाच उपाय सर्वांत आधी सापडतो, आणि पैशांच्या कामात तो चालत नाही.

याचा दाखला चाचणीच्या दिवशीच मिळाला. फरदडीच्या (मुख्य वेचणीनंतरच्या) कापसाचा २५ किलोचा एक लहान गठ्ठा काट्यावर घेतला आणि चाचणीसाठी तोलाईचा दर क्विंटलला १०.७० रुपये धरला. पाव क्विंटलची तोलाई २.६७५ रुपये, म्हणजे जवळच्या पैशावर आणल्यावर २.६८ यायला हवी. पट्टीवर २.६७ छापून आले. गठ्ठा ज्यांचा होता त्यांनी खिशातला मोबाइल काढून गुणाकार केला आणि म्हणाले, “भाऊ, माह्या मोबाइलवर तं अडुसष्ट पैसे येते.” एका पैशाने कोणाचे काही बिघडत नाही, पण ज्याला आपला हिशेब मोबाइलवर पडताळता येतो त्याला पट्टीवर वेगळा आकडा दाखवून त्याचे समाधान करता येत नाही.

कारण असे, की फ्लोट द्विमान (० आणि १ च्या) पद्धतीत साठवला जातो आणि २.६७५ ही संख्या त्या पद्धतीत नेमकी बसत नाही. जवळात जवळची जी बसते ती २.६७४९९९९९९… अशी किंचित कमी असते, आणि मग दोन दशांशांवर आणताना ती खाली जाते. पायथनचे ‘राउंड’ आणि जावास्क्रिप्टचे ‘टू-फिक्स्ड’ दोन्ही २.६७ च देतात, त्यामुळे दोन ठिकाणी पडताळूनही चूक दिसत नाही.

फ्लोट प्रोग्रॅममध्ये कुठूनही शिरू नये म्हणून डेसिमलच्या संदर्भात (‘कॉन्टेक्स्ट’मध्ये, म्हणजे त्याच्या नियमांच्या मांडणीत) फ्लोटविरोधी सापळा लावला. फ्लोटपासून डेसिमल बनवण्याचा प्रयत्न झाला की प्रोग्रॅम तिथेच थांबतो. चाचणीत तो उत्तम चालला, सर्व्हरवर मात्र मुळीच नाही. डेसिमलचा संदर्भ प्रत्येक थ्रेडसाठी (प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या धाग्यासाठी) वेगळा असतो, आणि फ्लास्क प्रत्येक विनंती ज्या थ्रेडवर हाताळत होता तिथे सापळा पोचलेलाच नव्हता. थ्रेड सुरू होण्याआधी मूळ डिफॉल्ट संदर्भातच बदल केल्यावर तो सर्वत्र लागू झाला. यात जवळजवळ पूर्ण दिवस गेला.

१८ ऑक्टोबर

आता ठरवायचे होते की जेसनमध्ये ही मूल्ये लिहायची कोणत्या रूपात. तीन वाटा होत्या : अवतरण चिन्हांशिवाय संख्या, पैसे आणि किलो अशा लहान एककातले पूर्णांक, किंवा अवतरणातली स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर.

पहिली वाट टॅब्लेटमुळे बंद झाली. जेसनचे मानक असलेल्या आरएफसी ८२५९ मध्ये संख्येच्या लांबीवर मर्यादा नाही, पण जावास्क्रिप्ट जेसन वाचताना प्रत्येक संख्येचा फ्लोटच करते. मूळ मजकूर हाती देणारी सोय क्रोममध्ये २०२३ साली आली खरी. आमचे टॅब्लेट त्याआधीचे आहेत आणि त्यांचे ब्राउझर आता अद्ययावत होत नाहीत.

पूर्णांकांची वाट तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे आणि अनेक जण तीच सुचवतात. मला ती दोन कारणांनी नको वाटली. पैशाला दोन दशांश, ओलाव्याला एक, क्षेत्राला दोन, असे प्रत्येक रकान्याचे प्रमाण वेगळे. ते प्रमाण जेसनमध्ये दिसत नाही, ज्याच्या त्याच्या डोक्यात राहते. दुसरे कारण व्यवहारातले आहे. रांग अडकली की ती फाइल मी केंद्रावर उभा राहून डोळ्यांनी वाचतो, आणि त्या वेळी ७४०८१९ हा भाव आहे की वजन हे ओळखायला थांबावे लागते. ‘७४०८.१९’ वाचताना थांबावे लागत नाही.

म्हणून स्ट्रिंग. मात्र नुसती स्ट्रिंग पुरत नाही. ‘डिफॉल्ट’ फंक्शनला केवळ मूल्य मिळते, ते कोणत्या रकान्याचे आहे हे कळत नाही. त्यामुळे रक्कम, वजन, ओलावा आणि क्षेत्र असे चार लहान प्रकार तयार केले. प्रत्येकात एक डेसिमल आणि त्याला किती दशांश हवेत हे ठरलेले. लिहिताना तो प्रकार ठरलेल्या दशांशांपर्यंत, घातांकाशिवाय, साध्या रूपात स्वतःला लिहितो. वाचताना मजकुराचा नमुना तपासतो, दशांश जास्त असतील तर नाकारतो, आणि स्वतःहून कधीही काटछाट करत नाही.

२४ ऑक्टोबर

क्षेत्राचा रकाना. हा मी सर्वांत बिनधोक समजत होतो, कारण त्यावर कोणताही गुणाकार नाही. सातबाऱ्यावरचे क्षेत्र नोंदवायचे आणि प्रति हेक्टर खरेदीच्या मर्यादेशी ताडायचे, इतकेच.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये लिहितात. १.२० म्हणजे एक हेक्टर वीस आर, म्हणजे सुमारे तीन एकर. जुन्या आराखड्यात हे क्षेत्र जेसनमध्ये संख्या म्हणून जात होते आणि पोस्टग्रेसमध्येही फ्लोटच्या रकान्यात साठत होते. त्यामुळे १.२० चे १.२ झाले. गणिताच्या दृष्टीने दोन्ही एकच. पण पडद्यावर १.२ पाहणारा कारकून ते ‘एक हेक्टर दोन आर’ असे वाचतो, आणि यादी हाताने दुसऱ्या फॉर्मवर उतरवताना १.०२ लिहितो. तीन एकरांचा शेतकरी अडीच एकरांवर येतो, आणि त्याची खरेदीची मर्यादाही त्याच मापाने खाली येते. येथे फ्लोटने अचूकता जराही गमावलेली नाही. गमावले आहे ते शेवटचे शून्य, आणि वाचणाऱ्याच्या लेखी अर्थ त्या शून्यातच होता.

डेसिमल शेवटचे शून्य जपते. रकाना दोन दशांशांच्या न्यूमेरिक (पोस्टग्रेसच्या नेमक्या दशांश संख्यांच्या) प्रकारात बदलला, जेसनमध्ये ‘१.२०’ अशी स्ट्रिंग जाऊ लागली, आणि पडद्यावर आता ‘१ हे. २० आर’ असे सुटे करून दाखवतो. आधीच उतरवल्या गेलेल्या नोंदींचे काय करायचे ते पुढे पाहू.

दिवाळीपर्यंत काम येथेच थांबले.

८ नोव्हेंबर

आवक वाढली आहे. आजची नोंद लांबेल, कारण आज जे सापडले ते सर्वांत महाग पडले असते.

आमचा नियम असा : ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे प्रत्येक टक्क्यामागे भावात एक टक्का कपात, १२ टक्क्यांपुढचा माल घ्यायचा नाही. लांब धाग्याच्या कापसाचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता आणि आम्ही चाचणीसाठी तोच पायाभूत धरला होता. सकाळच्या एका गाडीचे वजन १३.४० क्विंटल आणि ओलावा ९.५ टक्के. हिशेबनीसांनी पट्टी पाहून विचारले, की कपात कुठे आहे? पट्टीवर पूर्ण भावाने १,००,७८१.४० रुपये होते. कपातीनंतर ते ९९,२६९.७५ व्हायला हवे होते. फरक दीड हजारांहून अधिक, आणि तोही एकाच गाडीत.

डेटाबेसमध्ये ओलाव्याचा रकाना रिकामा होता. टॅब्लेटवर मात्र ओलावा भरलेला स्पष्ट दिसत होता. त्या दिवशी टॅब्लेट ज्याच्या हाती होता त्याचा कीबोर्ड मराठी होता, आणि त्याने नऊ-पूर्णांक-पाच देवनागरी अंकांत टंकलेखित केले होते. फॉर्मच्या दृष्टीने त्यात गैर काही नव्हते, कारण तो रकाना साध्या मजकुराचा होता.

पुढची साखळी अशी. जावास्क्रिप्टचे ‘नंबर’ फंक्शन देवनागरी अंक ओळखत नाही; ते ‘संख्या नाही’ असे विशेष मूल्य परत देते. जेसनमध्ये या मूल्याला जागा नाही, म्हणून जावास्क्रिप्ट जेसन लिहिताना कोणतीही तक्रार न करता त्याच्या जागी ‘नल’ (मूल्य नाही ही खूण) लिहिते. सर्व्हरला नल मिळाले. ओलावा मोजण्याचे यंत्र बंद असेल तर रकाना रिकामा ठेवायची मुभा असल्यामुळे सर्व्हरने ते ‘मोजले नाही’ असे समजून कपात केली नाही. प्रत्येक टप्प्यावर प्रत्येकाने आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर वागून, शेवटी शेतकऱ्याला जास्तीची रक्कम आणि कंपनीला तोटा असा निकाल लागला. पैसे अदा होण्याआधी हिशेबनीसांचे लक्ष गेले म्हणून निभावले.

‘इंग्रजी कीबोर्ड वापरा’ अशी सूचना भिंतीवर लावण्याचा प्रस्ताव आला. तो मला मान्य नव्हता. ज्या फॉर्मची सगळी नावे मराठीत आहेत त्यात मराठी अंक चालणार नाहीत असे सांगणे विचित्र आहे. शिवाय पायथनला ते अंक समजतात : डेसिमल, तसेच इंट आणि फ्लोटही, देवनागरी अंकांची स्ट्रिंग बिनतक्रार वाचतात. तेव्हा टॅब्लेटने संख्येत रूपांतर करण्याच्या भानगडीत न पडता टंकलेला मजकूर तसाच स्ट्रिंग म्हणून पाठवावा, आणि त्याचा अर्थ सर्व्हरने एकाच ठिकाणी लावावा, असे केले. जेसनमध्ये संख्या म्हणून देवनागरी अंक लिहिता येत नाहीत. स्ट्रिंगमध्ये काहीही लिहिता येते. स्ट्रिंगचा निर्णय येथे दुसऱ्यांदा उपयोगी पडला.

डेसिमलची ही सहनशीलता मात्र दुधारी आहे. ते ‘१_०००’ असे अधोरेखासह लिहिलेले स्वीकारते, ‘१ई५’ स्वीकारते, ‘एनएएन’ (वरचेच ‘संख्या नाही’) आणि ‘इन्फिनिटी’ ही इंग्रजी अक्षरेही स्वीकारते. म्हणून डेसिमलकडे देण्याआधी नमुना तपासतो : अंक, हवा असल्यास एक टिंब, आणि पुन्हा अंक. पायथनच्या नमुना-भाषेत अंकाची खूण देवनागरी अंकांनाही लागू होते, त्यामुळे वेगळे काही लिहावे लागले नाही.

रिकामा रकाना आणि नल यांचाही निकाल लावला. ‘मोजले नाही’ यासाठी आता वेगळी खूण आहे व ती टॅब्लेटवर मुद्दाम निवडावी लागते. नल आले तर सर्व्हर नोंद परत पाठवतो.

१२ नोव्हेंबर

याच घराण्यातली दुसरी अडचण. भावाचा रकाना टॅब्लेटवर वाचायला सोपा जावा म्हणून तो मराठी पद्धतीने स्वल्पविरामासह दाखवला जात होता, आणि ग्रेडरने (मालाची प्रत ठरवणाऱ्याने) भाव बदलला की तोच दाखवलेला मजकूर परत वाचला जात होता. वाचण्यासाठी ‘पार्स-फ्लोट’ वापरले होते. हे फंक्शन जितके समजेल तितके वाचून उरलेले टाकून देते. इंग्रजी अंकांत ‘७,५२१’ दिले की ते स्वल्पविरामापाशी थांबते आणि भाव ७ रुपये धरते.

दाखवण्याचा मजकूर आणि पाठवण्याचे मूल्य वेगळे ठेवले. पाठवायचे मूल्य रकान्याच्या मागे स्वतंत्र राहते. त्यात स्वल्पविराम आला तर नमुनाच तो अडवतो.

१६ नोव्हेंबर

भावाच्या कपातीत सर्व्हर आणि डेटाबेस यांची एका पैशाची तफावत निघाली. ९.५ टक्के ओलाव्याला कपात दीड टक्का; ७,५२१ वर ती ११२.८१५ होते आणि उरलेला भाव ७,४०८.१८५. हा नेमका अर्ध्या पैशावर येतो. पायथनचे डेसिमल नियम बदलला नाही तर अर्ध्यावरची संख्या जवळच्या सम अंकाकडे नेते, म्हणजे ७,४०८.१८. पोस्टग्रेसचे न्यूमेरिक अर्ध्यावरून वर नेते, म्हणजे ७,४०८.१९. वरच्या गाडीला यातून ९९,२६९.६१ आणि ९९,२६९.७५ अशा दोन रकमा निघाल्या. ताळेबंदाच्या अहवालात डेटाबेसचा आकडा आणि पट्टीवर पायथनचा, त्यामुळे महिनाअखेरीस जुळवणी कधीच झाली नसती.

सम अंकाकडे नेण्याची पद्धत संख्याशास्त्रात योग्य असेल. गावात अर्ध्यावरून वर हीच रीत सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा तीच सगळीकडे लावली. जवळच्या पैशावर आणण्याचे काम रक्कम या प्रकाराच्या आत एकाच जागी ठेवले आणि अहवालात डेटाबेसला कोणतीही गणिते करायला लावणे बंद केले.

२२ नोव्हेंबर

मतदानामुळे २० तारखेला केंद्र बंद होते. त्या आधी आणि नंतर मिळून स्ट्रिंगच्या निर्णयाची किंमतही मोजावी लागली. जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंग आणि संख्या यांची बेरीज मागितली तर ते दोन्ही मजकूर एकापुढे एक चिकटवते. तोलाई ‘१०.७०’ ही स्ट्रिंग आणि पावतीचा खर्च ५ ही संख्या, यांची बेरीज १५.७० न येता १०.७०५ आली. ‘१०.७०रुपये’ असे काही आले असते तर कोणाच्याही लक्षात आले असते, १०.७०५ ही दिसायला अगदी शहाणी संख्या आहे, आणि छापताना ती १०.७१ झाली.

सगळ्या बेरजा सर्व्हरवर कराव्यात असे म्हणणे सोपे आहे, पण रेंज नसताना शेतकऱ्याला कच्ची पट्टी द्यावीच लागते, तेव्हा टॅब्लेटला गणित येणे भाग आहे. म्हणून टॅब्लेटवर स्ट्रिंग वाचताना टिंब काढून तिचा बिग-इंट करतो, म्हणजे पैशांतला पूर्णांक. बिग-इंट आणि साधी संख्या यांची बेरीज मागितली तर जावास्क्रिप्ट थेट चूक दाखवते. मला हेच हवे होते. बिग-इंट जेसनमध्ये लिहायला गेले तरी ते चूक दाखवते, त्यामुळे परत स्ट्रिंग केल्याशिवाय काहीही बाहेर पडत नाही. अर्ध्यावरून वर नेण्याचा नियम पूर्णांकी भागाकाराने लिहिला आणि पायथनच्या निकालांशी ताडून घेतला.

२७ नोव्हेंबर

हिशेबाच्या सॉफ्टवेअरला, जे बाहेरून विकत घेतलेले आहे, रक्कम अवतरणात चालत नाही. त्याला दोन दशांशांसह उघडी संख्या हवी, आणि ते बदलून देण्याचा खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा सांगितला गेला.

पायथनच्या मूळ जेसन मॉड्यूलमधून डेसिमल उघडी संख्या म्हणून लिहिता येत नाही, कारण ‘डिफॉल्ट’ जे परत देईल तेही मॉड्यूलला माहीत असलेल्या प्रकाराचेच असावे लागते. फ्लोटचा उपप्रकार करून त्याचे लिखित रूप बदलण्याची युक्ती करून पाहिली. ती चालत नाही : मॉड्यूल उपप्रकाराने दिलेले रूप विचारत नाही, मूळ फ्लोटचेच रूप वापरते. शेवटी सिंपल-जेसन ही लायब्ररी घेतली. ती डेसिमल जसेच्या तसे लिहिते. फक्त हिशेबाच्या दिशेने जाणाऱ्या फाइलसाठी ती वापरतो, बाकी सर्व पूर्वीसारखेच.

त्या बाजूने परत येणारी फाइल वाचताना एक खाचखळगा आहे. ‘पार्स-फ्लोट’ या पर्यायात डेसिमल दिले तरी तो पर्याय टिंब किंवा घातांक असलेल्या संख्यांनाच लागू होतो. नुसते ७५२१ आले तर ते पूर्णांक होते, आणि पुढे लिहिताना ७५२१ च राहते, ७५२१.०० होत नाही. रक्कम या प्रकारातून प्रत्येक मूल्य नेले की हा प्रश्न उरत नाही.

बँक खात्याचे क्रमांकही तिथूनच उघडी संख्या म्हणून येत होते. खाते क्रमांक ही संख्या नव्हेच. त्यावर कोणी बेरीज करत नाही. सुरुवातीची शून्ये असलेले क्रमांक त्या बाजूला आधीच तुटत होते, आणि जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक भरवशाचे राहत नाहीत : ९००७१९९२५४७४०९९३ वाचले की ९००७१९९२५४७४०९९२ होते. शेवटचा अंक बदललेले खाते कदाचित दुसऱ्याच कोणाचे असू शकते. हा रकाना दोन्ही बाजूंनी स्ट्रिंग करून घेतला. त्यासाठी मात्र विक्रेत्याने पैसे मागितले नाहीत.

४ डिसेंबर

रांगेतली नोंद वाटेत बदलली नाही हे पाहण्यासाठी प्रत्येक नोंदीसोबत तिच्या मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेली, एक अक्षर बदलले तरी बदलणारी खूण) जातो. सर्व्हर नोंद वाचायचा, पुन्हा जेसन करायचा आणि त्याचा हॅश काढायचा. नोंदीत कुठेही उघडी संख्या असली की परत लिहिताना तिचे रूप बदलायचे आणि हॅश जुळायचा नाही. जेसनचे एकच प्रमाण रूप ठरवणारे आरएफसी ८७८५ हे २०२० चे मानक आहे, पण त्यातही संख्या जावास्क्रिप्टच्या पद्धतीनेच लिहायच्या असतात, म्हणजे शेवटची शून्ये जातातच. आम्ही आलेल्या बाइट्सवरच, उघडण्याआधी, हॅश काढू लागलो. काम संपले.

११ डिसेंबर

एका पट्टीवर भाव ‘७.५ई+३’ असा छापला गेला. कोणीतरी पडद्यावरची ‘.००’ नकोत म्हणून डेसिमलवर ‘नॉर्मलाइझ’ वापरले होते. ते शेवटची सगळी शून्ये काढते, पूर्णांकातलीसुद्धा, आणि ७,५०० घातांकात लिहिते. जेसनच्या दृष्टीने हे रूप वैध आहे, त्यामुळे कोणत्याही तपासणीत अडकले नाही. शेतकऱ्याने ती पट्टी परत आणून दिली आणि तिच्यावर साडेसात रुपये का लिहिले आहेत असे विचारले. त्याचे वाचन चुकीचे म्हणता येणार नाही. रक्कम या प्रकाराबाहेर डेसिमलचे लिखित रूप करण्यावर आता बंदी आहे आणि चाचणी ती पाहते.

त्याच दिवशी पोस्टग्रेसमध्येही पाहिले. न्यूमेरिक रकाना ‘एनएएन’ स्वीकारतो, इतर सर्व संख्यांपेक्षा ते मोठे धरतो, आणि तशी एक नोंद शिरली की दिवसाची पूर्ण बेरीज ‘एनएएन’ होते. रकान्यावर मर्यादेची अट घातली : शून्य किंवा अधिक, आणि ठरवलेल्या कमाल आकड्याहून कमी. मोठे धरले जात असल्यामुळे कमालची अट त्याला आपोआप अडवते.

१९ डिसेंबर

नव्या नोंदी महिनाभर जुळत आहेत. क्षेत्राच्या जुन्या नोंदी उरल्या आहेत. ज्या १.२ अशा साठल्या त्या १.२० म्हणून सरळ दुरुस्त झाल्या. ज्या कारकुनाच्या हातून १.०२ झाल्या त्या खऱ्याच एक हेक्टर दोन आर आहेत की नाहीत, हे डेटाबेसवरून सांगता येत नाही, आणि त्यासाठी प्रोग्रॅम लिहून उपयोग नाही. ज्यांच्या क्षेत्रात टिंबानंतर लगेच शून्य आहे अशा सभासदांची यादी काढली असून त्यांचे डिजिटल सातबारे उताऱ्यामागे १५ रुपये भरून काढणे सुरू आहे. तोवर त्यांच्या खरेदीची मर्यादा संगणकाने अडवायची नाही, हिशेबनीसांनी मूळ कागद पाहून सोडायची, असे ठरले आहे.